कॅमेऱ्यासमोरची कुस्ती: माहितीपट, रिॲलिटी शो आणि अस्सलपणाचा प्रश्न

१/
सन १८९९. मुंबईच्या मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे दोन मल्ल एकमेकांना भिडले आहेत. समोर लंडनहून मागवलेला कॅमेरा लावून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उभे आहेत. छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ पुढे ‘सावेदादा’ या नावाने ओळखले गेले. ही कुस्ती कुठल्या जत्रेच्या फडातली नव्हती. ती चित्रीकरणासाठी मुद्दाम लावलेली होती.

२/
दोन वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, सावेदादांनी आणखी एक प्रसंग टिपला. केंब्रिजमध्ये ‘सीनियर रँग्लर’ होण्याचा मान मिळवणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतत होते आणि मुंबईत त्यांचे स्वागत चालले होते. हा प्रसंग कॅमेरा नसता तरी घडलाच असता. भारतातील वृत्तचित्रणाचा आरंभ सांगताना या दोन्ही चित्रफितींचा उल्लेख होतो. त्यांतली एक ठरवून घडवलेली आहे, तर दुसरी घडताना टिपलेली. मग अस्सल कोणती म्हणायची?

३/
उत्तर वाटते तितके सरळ नाही. कुस्ती ठरवून लावलेली असली तरी पेच, ताकद आणि चितपट होणे यांचे सोंग सहज आणता येत नाही. उलट, जाहीर स्वागत ‘आपोआप’ घडल्यासारखे दिसले तरी त्यामागे कोणाचे तरी आयोजन असतेच. आज ‘रिॲलिटी शो म्हणजे सगळे खोटे आणि माहितीपट म्हणजे सगळे खरे’ अशी सरसकट विभागणी केली जाते. ती इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, ते या थ्रेडमध्ये पाहू.

४/
मराठी इतिहासप्रेमींना हा वाद अनोळखी नाही. सावेदादांच्या कुस्तीच्या एकच वर्ष आधी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या काळातील मूळ पत्रे त्यात होती. बखरीत रचलेले आख्यान असते, तर पत्र व्यवहारातून सहज उरलेले असते. त्यामुळे पत्राचे वजन अधिक, ही दृष्टी त्यांनी रुजवली. ‘डॉक्युमेंटरी’ या शब्दाच्या पोटातही ‘डॉक्युमेंट’ म्हणजे कागदच दडलेला आहे. माहितीपटाचा दावा अस्सल कागदाचा, तर रिॲलिटी शोची जात बखरीची, असे वरवर पाहता म्हणता येईल.

५/
परंतु चलच्चित्राच्या पहिल्या दिवसापासून ही रेघ पुसट आहे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. अगदी साधे, रोजचे दृश्य. मात्र या चित्रफितीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. म्हणजे ‘काम सुटले’ हा प्रसंग कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा घडवला गेला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा खेळ झाला, त्यातही ही चित्रफीत होती. सावेदादांना चलच्चित्राचा नाद लागला तो याच खेळांमुळे.

६/
आता कॅनडाच्या उत्तरेकडे, हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर जाऊ. माहितीपटाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण बहुधा येथूनच सुरू केले जाते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी तेथील इनुइट लोकांचे पुष्कळ चित्रीकरण केले होते. १९१६ मध्ये टोरांटोत सिगारेटच्या ठिणगीने सुमारे ३० हजार फूट फिल्म जळून गेली. मग एका फ्रेंच फर कंपनीच्या पैशावर ते पुन्हा उत्तरेस गेले आणि १९२२ मध्ये ‘नानुक ऑफ द नॉर्थ’ पडद्यावर आला. बर्फाच्या प्रदेशात कुटुंबासह जगणाऱ्या शिकाऱ्याची ही कथा जगभर गाजली.

७/
या ‘सत्यकथे’तले सत्य असे: नायकाचे नाव नानुक नव्हते, अलाकारियालाक होते. पडद्यावर त्याची बायको म्हणून दिसणारी स्त्री त्याची बायको नव्हती. तेथील शिकारी तोवर बंदुका वापरू लागले होते, पण चित्रपटात वॉलरसची शिकार जुन्या पद्धतीने, दोरी लावलेल्या भाल्याने केली गेली. बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना आणि उजेडही पुरेना, म्हणून मोठे घर बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली. ग्रामोफोनची तबकडी पाहून चकित होणारा नायक प्रत्यक्षात अशा वस्तूंशी परिचित होता.

८/
मग हा चित्रपट निव्वळ बनाव म्हणून बाजूला सारायचा का? तसेही करता येत नाही. थंडी खरी होती, वॉलरसचा जोर खरा होता आणि बर्फाचे घर बांधणारे हात निष्णात होते. शिवाय इनुइट मंडळी केवळ कॅमेऱ्यासमोर नव्हती. उपकरणे सांभाळणे, पाणी आणणे, फिल्म धुण्यास मदत करणे ही कामेही त्यांनीच केली. आपल्या पूर्वजांची जीवनपद्धती त्यांनी जाणूनबुजून पुन्हा उभी करून दाखवली. दोष आहे तो वेगळाच. मागच्या पिढीचे जगणे ‘आजचे’ म्हणून विकले गेले आणि हे प्रेक्षकाला सांगितले गेले नाही.

९/
स्कॉटिश समीक्षक आणि निर्माते जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ मध्ये फ्लाहर्टी यांच्याच ‘मोआना’ या पुढच्या चित्रपटावर लिहिताना ‘डॉक्युमेंटरी’ हे विशेषण योजले आणि ते रूढ झाले. पुढे त्यांनी माहितीपटाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की वास्तवाला सर्जनशील हाताळणीने दिलेले रूप म्हणजे माहितीपट. थोडक्यात, या प्रकाराच्या प्रवर्तकांनीच ‘हाताळणी’ नाकारलेली नव्हती. केवळ टिपून ठेवणे म्हणजे माहितीपट, ही समजूत नंतरची आहे.

१०/
ती समजूत बळावली १९६० च्या सुमारास. खांद्यावर पेलता येणारे हलके कॅमेरे आले आणि त्यांच्याबरोबर जागेवरच आवाज मुद्रित करणारी यंत्रेही आली. अमेरिकेत रॉबर्ट ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रायमरी’ (१९६०) मध्ये केनेडी आणि हम्फ्री यांचा विस्कॉन्सिनमधील प्रचार गर्दीत शिरून चित्रित केला. मुलाखत नाही, पुन्हा करून दाखवणे नाही, निवेदनही जेमतेम. कॅमेरा म्हणजे भिंतीवरची पाल, सगळे पाहणारी पण कोणाच्या मध्ये न येणारी, अशी ही कल्पना होती.

११/
त्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये जाँ रूश हे मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शक आणि एदगार मोराँ हे समाजशास्त्रज्ञ नेमकी उलटी वाट चोखाळत होते. ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ (१९६१) या त्यांच्या चित्रपटात कॅमेरा लपत नाही. तो प्रश्न विचारतो, माणसांना बोलते करतो. अखेरीस दिग्दर्शकांनी सहभागी लोकांना त्यांचेच चित्रीकरण दाखवले आणि ‘हे खरे वाटते का?’ यावर चर्चा घडवली. मंडळींचे एकमत झाले नाही. काहींना ते नाटकी वाटले, तर काहींना नको तितके उघडेवाघडे. हा वाद चित्रपटात तसाच ठेवला गेला. अस्सलपणाचा हिशेब प्रेक्षकासमोर मांडण्याचे हे आरंभीचे एक मोठे उदाहरण होय.

१२/
येथून रिॲलिटी शोचा उंबरठा दूर नाही. मे १९७१ मध्ये क्रेग गिल्बर्ट या निर्मात्याने कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील लाउड कुटुंबाच्या घरी चित्रीकरण सुरू केले. ॲलन आणि सुझन रेमंड हे दांपत्य कॅमेरा आणि ध्वनी सांभाळत होते. बिल, पॅट आणि त्यांची पाच मुले यांचे रोजचे जगणे सुमारे सात महिने टिपले गेले. जमलेले चित्रीकरण होते जवळजवळ ३०० तासांचे. जानेवारी १९७३ पासून सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्याचे १२ भाग ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ या नावाने दाखवले गेले.

१३/
अमेरिका हादरली. पॅटने पतीला घटस्फोटाबद्दल सांगितले ते कॅमेऱ्यासमोर. थोरला मुलगा लान्स आपली समलैंगिकता न लपवता वावरत होता, आणि त्या काळच्या दूरचित्रवाणीवर हे जवळजवळ अपूर्व होते. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी या मालिकेची तुलना नाटक आणि कादंबरी यांच्या शोधाशी केली. लाउड कुटुंबाचे म्हणणे मात्र वेगळे होते. त्यांच्या मते एकही प्रसंग बनावट नव्हता, पण संकलनात आनंदाचे दिवस गळले आणि भांडणे उरली.

१४/
ही तक्रार इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. ३०० तासांतून सुमारे १२ तास निवडले, म्हणजे दर २५ तासांमागे २४ तास बाहेर टाकले. प्रत्येक तुकडा अस्सल असूनही त्यांची मांडणी आख्यान घडवते. सगळी पत्रे खरी असावीत, पण निवडून छापताना एकाच बाजूची छापावीत, असाच हा प्रकार. अशा वेळी खोटे कोठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही आणि तरीही चित्र कललेले असते.

१५/
लाउड कुटुंबाची कथा तेथेच संपली नाही. आपल्या अखेरच्या आजारपणात लान्सने रेमंड दांपत्यालाच कॅमेरा घेऊन पुन्हा बोलावले. डिसेंबर २००१ मध्ये त्याचे निधन झाले आणि २००३ मध्ये तो शेवटचा भाग दाखवला गेला. आईवडिलांनी पुन्हा एकत्र राहावे, ही त्याची इच्छा होती. बिल आणि पॅट यांनी ती पूर्ण केली. ज्या कॅमेऱ्याने घर मोडताना पाहिले, त्याच कॅमेऱ्याला त्या घराने तीस वर्षांनी पुन्हा आत घेतले. विश्वास कशाला म्हणावे, याचे हे एक उत्तर आहे.

१६/
१९९२ मध्ये एमटीव्हीवर ‘द रिअल वर्ल्ड’ आला. न्यूयॉर्कमधील एका प्रशस्त घरात सात अनोळखी तरुण-तरुणींना ठेवून त्यांचे चित्रीकरण करायचे, अशी ही योजना. निर्मात्यांपैकी मेरी-एलिस ब्युनिम कौटुंबिक मालिकांच्या जगातून आल्या होत्या आणि जोनाथन मरे यांची पार्श्वभूमी वृत्त व माहितीपटांची होती. मालिकेचे नाट्य आणि माहितीपटाचे तंत्र यांचा हा शब्दशः संसार. मुळात लिखित मालिका करण्याचा विचार होता, पण लेखक आणि नट यांचा खर्च परवडेना. ‘वास्तव’ स्वस्त पडले.

१७/
हे आर्थिक कारण विसरता येत नाही. १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी दीर्घ संप केला आणि पटकथेशिवाय चालणाऱ्या कार्यक्रमांची वाहिन्यांना निकड भासली. पुढल्याच वर्षी पोलिसांच्या मागोमाग फिरणारा ‘कॉप्स’ सुरू झाला. सप्टेंबर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जॉन डी मोल यांच्या कल्पनेतून ‘बिग ब्रदर’ अवतरला. बंद घर, चोवीस तास कॅमेरे, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही आणि दर थोड्या दिवसांनी एकाची गच्छंती. २००६ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती ‘बिग बॉस’ आणि २०१८ मध्ये मराठी आवृत्ती आली.

१८/
या घरात संवाद लिहून दिलेले नसतील, पण परिस्थिती लिहिलेली असते. कोणाला कोणासोबत ठेवायचे, अन्न किती द्यायचे, कोणते कार्य सोपवायचे, हे सारे निर्माता ठरवतो. त्यानंतर संकलन होते. एका वेळी उच्चारलेले शब्द दुसऱ्या वेळच्या शब्दांना जोडून नवे वाक्य तयार करण्याच्या क्लृप्तीला या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ असे नाव आहे. फ्रँकनस्टाइनच्या राक्षसासारखे तुकडे जोडून उभे केलेले वाक्य. बखरकारसुद्धा पात्रांच्या तोंडी संवाद घालीत, पण निदान ते त्यांच्याच आवाजात ऐकवत नसत.

१९/
आता दोन ब्रिटिश प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. पहिले माहितीपटाचे. १९९६ मध्ये ‘द कनेक्शन’ हा माहितीपट आयटीव्हीवर दाखवला गेला. कोलंबियातून लंडनला होणाऱ्या हेरॉईनच्या तस्करीचा हा धाडसी शोध म्हणून गाजला आणि त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मे १९९८ मध्ये ‘द गार्डियन’ने तो बनावट असल्याचे उघड केले. अमली पदार्थ पोटात लपवून लंडनमध्ये शिरल्याचे दाखवलेल्या माणसाला प्रत्यक्षात विमानतळावरूनच परत पाठवले होते. वेगवेगळ्या वेळची दृश्ये एकाच प्रवासाची म्हणून जोडली होती. डिसेंबर १९९८ मध्ये निर्मात्या वाहिनीला २० लाख पौंडांचा दंड झाला.

२०/
दुसरे प्रकरण रिॲलिटी शोचे. जानेवारी २००७ मध्ये ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात अभिनेत्री शिल्पा शेट्टी होत्या. सहस्पर्धकांनी त्यांच्या उच्चारांची, स्वयंपाकाची आणि भारतीय असण्याची टवाळी केली. प्रसारण नियामक संस्था ऑफकॉमकडे ४० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्या वेळी भारत दौऱ्यावर असलेले ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना येथे या विषयावर प्रश्नांना सामोरे जावे लागले. अखेर शिल्पा शेट्टीच विजेत्या ठरल्या. मे २००७ मध्ये ऑफकॉमने चॅनेल फोरवर नियमभंगाचा ठपका ठेवला आणि तो निर्णय त्याच वाहिनीवर जाहीर करण्याचा आदेश दिला.

२१/
घर खोटे, खेळ खोटा, स्पर्धाही रचलेली. पण त्यातून बाहेर पडलेला वंशद्वेष खरा होता. ‘आमच्याकडे आता तसे काही उरलेले नाही’ असे मानणाऱ्या समाजाने स्वतःला पडद्यावर पाहिले. विशेष म्हणजे प्रक्षेपित न झालेल्या चित्रीकरणातही आक्षेपार्ह संभाषण असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणजे संकलनाने येथे वास्तव फुगवलेले नव्हते, उलट त्यातले काही झाकलेच गेले होते. विसाव्या शतकानंतरच्या ब्रिटनचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला या ‘उथळ’ कार्यक्रमाचे साधनमूल्य नाकारता येणार नाही.

२२/
येथे बखर आणि कागद यांची उपमा पुन्हा उपयोगी पडते. ‘द कनेक्शन’ हा शिक्कामोर्तब असलेला बनावट कागद होता. त्याचे रूप अस्सल असल्यामुळेच तो अधिक घातक ठरला. २००७ चे ते घर म्हणजे बखर. रंगवलेली, रचलेली, पण काळाचा स्वभाव नकळत सांगून जाणारी. मराठी इतिहासकारांनी बखरी अडगळीत टाकलेल्या नाहीत. जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली सभासदाची बखर आजही अभ्यासली जाते, मात्र लेखक कोण, काळ कोणता, हेतू काय हे विचारूनच. आणि कागद आहे म्हणून कोणी तो न तपासता स्वीकारतही नाही.

२३/
तेव्हा अस्सलपणा हा कार्यक्रमाच्या प्रकारात नसतो. कॅमेरा धरणारा, कॅमेऱ्यासमोरचा आणि पाहणारा या तिघांमध्ये एक करार असतो आणि अस्सलपणा त्या कराराच्या पालनात असतो. प्रेक्षकाला काय सांगितले? समोरच्या माणसाने कशाला संमती दिली होती? काय गाळले आणि ते का गाळले? कुस्ती ठरवून लावली असेल आणि तसे सांगितले असेल, तर कोणाची फसवणूक होत नाही. ती कुस्ती जत्रेतली म्हणून दाखवली की फसवणूक सुरू होते.

२४/
या करारातला सर्वांत दुबळा पक्ष कॅमेऱ्यासमोरचा माणूस असतो. ‘नानुक’च्या यशानंतर थोड्याच काळात अलाकारियालाकचा मृत्यू झाला. तो उपासमारीने मेला, असे फ्लाहर्टी सांगत. नंतरच्या अभ्यासकांच्या मते त्याचे कारण क्षयासारखा आजार असावा. म्हणजे नायकाचे मरणही कथेला शोभेसे सांगितले गेले. रिॲलिटी शोमधील सहभागींच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेण्याचे बंधन ब्रिटनच्या प्रसारण संहितेत स्पष्टपणे आले ते थेट २०२१ मध्ये. ‘नानुक’ला तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती.

२५/
उद्याच्या इतिहासकारापुढे आजच्या काळाची साधने म्हणून पत्रे थोडी आणि चित्रफिती अपार असतील. त्यांतले दाखवलेले तास सहज सापडतील, पण गाळलेले तास सापडणे कठीण. जुन्या दफ्तरातला प्रत्येक चिटोरा जपण्याची शिकवण ज्या परंपरेने दिली, तिने कच्च्या चित्रीकरणाकडेही दफ्तर म्हणूनच पाहायला हवे. संकलित भाग ही बखर, तर टाकून दिलेली फीत हा कागद. दोन्ही समोर असतील तरच पारख करता येते.

२६/
सावेदादांची कुस्ती आज पाहता येत नाही. रँग्लर परांजप्यांच्या स्वागताची चित्रफीतही उरलेली नाही. एक ठरवून केलेली आणि एक सहज टिपलेली, काळाने दोन्ही सारख्याच नेल्या. उरल्या आहेत त्या नोंदी. त्यांपैकी एका नोंदीत ती कुस्ती चित्रीकरणासाठी लावली होती, एवढे प्रामाणिकपणे राहून गेले आहे. सव्वाशे वर्षांनंतर त्या चित्रफितीबद्दल काही खात्रीने बोलता येते, ते त्या एका ओळीमुळे.

(समाप्त)